‘पुढे काय?’ या ग्रंथप्रकाराविषयी थोडेसे

दर वर्षी मे महिन्यात, बारावीचा निकाल जाहीर होऊन पेढ्यांचे डबे रिकामे होतात न होतात तोच, आमच्या टेबलावर तीन-चार नवी पुस्तके अभिप्रायार्थ येऊन पडतात. मुखपृष्ठावर बहुधा एक शिडी, शिडीच्या माथ्यावर उगवता सूर्य, आणि नावात ‘पुढे काय?’ हे दोन शब्द कोठे ना कोठे असावयाचेच. प्रकाशकास दोन ओळींची शिफारस हवी असते आणि ती आम्ही आजवर निमूटपणे देत आलो. अशा पुस्तकाने कोणाचे कल्याण होत नसले तरी अकल्याणही होत नाही, अशी आमची समजूत होती. यंदा मात्र पाय मुरगळून तीन आठवडे घरी बसावे लागले, आणि हाताशी दुसरे काही नसल्यामुळे ही सारी पुस्तके आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यानंतर ती जुनी समजूत टिकली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. कोणा एका ग्रंथकाराचे नाव घेण्याचे कारण नाही. दोष ग्रंथकारांचा नसून ग्रंथप्रकाराचा आहे, आणि त्या दोषात आमच्यासारख्या शिफारस लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे.

या पुस्तकांची घडण ठरलेली असते. आरंभीची प्रकरणे ‘स्वतःस ओळखा’ या सूत्राभोवती फिरतात. तुमचा कल कोणता, एकांत प्रिय की गर्दी, आकडे आवडतात की माणसे, अशा प्रश्नांची कोष्टके असतात व सतरा वर्षांच्या मुलाने त्यांत खुणा करावयाच्या असतात. मधल्या भागात अभ्यासक्रमांच्या याद्या, आणि अखेरीस यशस्वी माणसांच्या हकिगती. यांपैकी मधला भाग खरोखर उपयोगी आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेतली तर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच देता येते. ही माहिती शहरातल्या सुशिक्षित घरांतही सर्वांस असते असे नाही. आम्ही इतकी वर्षे कॉलेजात शिकवीत आहोत, पण यांतली एक गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. कोणती, ते सांगत नाही.

कल ओळखण्याचे शास्त्रही आम्ही त्याज्य मानीत नाही. राज्य शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेऊन पाहिली, ती हेतुतः चांगलीच होती. परंतु मुलाचा कल कोणत्या गावाकडे आहे हे चाचणी सांगेल. त्या गावाला एस. टी. किती वाजता जाते, तिकीट किती, आणि रात्री उतरावयाचे कोणाकडे, हे ती सांगत नाही. बहुसंख्य घरांत निवडीचा प्रश्न या तीन गोष्टींपाशीच निकालात निघतो.

पण आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे, आणि तो वाङ्मयीन आहे. या पुस्तकांत पात्र एकच: विद्यार्थी. निवड त्याची, निश्चय त्याचा, कष्ट त्याचे. चढला तर यश त्याचे, घसरला तर दोषही त्याचाच. बाप आला तर ‘पालकांनी काय करू नये’ एवढ्या एका प्रकरणापुरता येतो. अर्ज परत करणारा कारकून, एका वाक्याने मुलाचा जन्म बदलून टाकणारा मास्तर, भावाच्या फीसाठी घरी बसलेली बहीण, वसतिगृहातला जोडीदार, यांपैकी कोणी रंगभूमीवर येतच नाही. एकच नट आरशापुढे उभा राहून स्वतःस विचारतो, ‘मी कोण होऊ?’ आणि स्वतःच उत्तर देतो. एखाद्या नवशिक्या लेखकाने अशी कादंबरी आमच्याकडे आणली असती तर तिच्यात माणसे नाहीत म्हणून आम्ही ती परत केली असती.

आता आमच्या वाङ्मयात हाच प्रसंग कसा आला आहे, तो पाहावा. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हा सत्तावन्न वर्षांचे, म्हणजे आमच्याच आगेमागे वयाचे. महिला विद्यापीठ निघावयास अजून एक वर्ष होते. ‘भारतरत्न’ तर पुढे १९५८ सालचे. शिखरावर बसून खालची वाट न्याहाळणाऱ्या माणसाचे हे पुस्तक नव्हे, आणि त्याचे पुष्कळसे मोल यातच आहे. त्यात १८७५ च्या सुमाराची एक हकिगत आहे. मुरूडच्या या मुलाला सरकारी चाकरीच्या दृष्टीने मराठी सहाव्या इयत्तेची परीक्षा द्यावयाची होती आणि परीक्षेचे ठिकाण होते सातारा. पावसाळी हवेमुळे बोटीने जाण्याचा बेत फसला. तेव्हा सोबत्यांबरोबर, सह्याद्री ओलांडून, सुमारे ११० मैल पायी चालत ही मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षासमितीच्या प्रमुखांनी धोंडूकडे पाहिले. हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे त्यांस वाटले, आणि त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही.

ही हकिगत शाळांतल्या भाषणांत आपण सर्वांनी ऐकली आहे. पण आपण ती ऐकतो ती पायपिटीसाठी. ११० मैल, पाऊस, घाट, जिद्द! वक्ता येथे थांबतो, टाळ्या पडतात. टेबलामागे बसलेला मनुष्य कोणाच्याच ध्यानात राहत नाही. वास्तविक या कथेत काही घडविणारे पात्र तेच आहे. चालण्याने काहीच निष्पन्न झाले नाही, निष्पन्न झाले ते त्या एका दृष्टिक्षेपाने. कर्वे त्या गृहस्थावर रागावत नाहीत, त्याला दुष्टही ठरवीत नाहीत. तो बहुधा प्रामाणिक, नियमाने वागणारा, दिवसभराच्या कामाने शिणलेला असावा. मुलाकडे पाहिले, ठरविले आणि पुढच्या मुलास हाक मारली, एवढाच त्याचा अपराध. इकडे मॅट्रिक होईतो धोंडूचे वय तेवीस झाले, १८८१ साल उजाडले. आजच्या प्रवेशपरीक्षांच्या मापाने हा विद्यार्थी केव्हाच ‘बाद’ झाला असता.

‘आत्मवृत्ता’त दुसरीही माणसे आहेत. मुरूडच्या शाळेतले सोमण मास्तर आहेत. सार्वजनिक कामाची गोडी या मुलाला त्यांनी लावली. पुढे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्याचे बोलावणे आले ते गोपाळ कृष्ण गोखले या स्नेह्याकडून, आणि जागा मोकळी झाली होती ती टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळे. म्हणजे, ज्या नेमणुकीने कर्वे पुण्यास आले तिच्या मुळाशी दुसऱ्यांचा मतभेद व एका मित्राची आठवण होती. ‘स्वतःस ओळखा’ या कोष्टकात यांपैकी कोणती खूण बसवावयाची? कर्वे यांचे कर्तृत्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट, आपल्या आयुष्यात दुसऱ्यांच्या हाताने काय काय झाले हे त्यांनी जागच्या जागी नोंदविले, म्हणून ते पुस्तक आजही खरे वाटते.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही आमच्या कॉलेजच्या प्रवेशसमितीवर होतो. एका खेड्यातला मुलगा वडिलांबरोबर आला. वडील दारापाशीच उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. मुलाने बी. ए. साठी इंग्रजी हा विशेष विषय मागितला होता. अर्जावर दोन शब्दांचे स्पेलिंग चुकले होते. आम्ही इंग्रजीत एक प्रश्न विचारला, त्याला तो नीट कळला नाही. आम्ही मायेनेच, आमच्या समजुतीप्रमाणे मायेनेच, म्हणालो, “अरे, इंग्रजी तुला झेपणार नाही. इतिहास घे, सुखी होशील.” त्याने मान हलविली आणि अर्ज दुरुस्त केला. एकूण चार मिनिटे लागली असतील. त्या दिवशी आणखी साठ-सत्तर मुले व्हावयाची होती.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानास गेलो असता एका कागदाची प्रत काढून घ्यावी म्हणून शासकीय दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात शिरलो. संगणकापुढचा तरुण उठून उभा राहिला. “सर, ओळखलंत का?” आम्ही ओळखले नाही. त्याने वर्ष सांगितले, समिती सांगितली. इतिहास त्याने एक वर्ष केला, दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडले. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. “तुम्ही म्हणालात ते खरंच असेल, सर. पण मला इंग्रजीच शिकायचं होतं, कारण ते येत नव्हतं.” एवढे बोलून त्याने प्रत काढून दिली आणि पैसे घेण्याचे नाकारले. बाहेर मुलामुलींची रांग उभी होती. परतीच्या प्रवासात आम्हांस साताऱ्याचे टेबल आठवले, आणि त्यामागे बसलेल्या मनुष्याचा चेहरा आमच्या चांगल्या ओळखीचा वाटला.

कर्व्यांच्या वाटेवर दारे बंद होती. सगळी दारे उघडी असली म्हणजे काय होते, ते पाहावयाचे तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ घ्यावी. १९६३ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हापासून तिच्या भाषेविषयी, तिच्या रचनेविषयी आणि तिच्यातल्या अर्थशून्यतेच्या जाणिवेविषयी पुष्कळ लिहिले गेले. ते सारे आम्हीही वर्गात सांगत आलो. पण ती अगदी साध्या अर्थाने ‘पुढे काय?’ याच प्रश्नावरची कादंबरी आहे, हे या तीन आठवड्यांत प्रथमच लक्षात आले. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यास येतो. घरची शेती चांगली, वडिलांचे गावात वजन, पैशाची ददात नाही. वसतिगृह, मेसचा कारभार, गॅदरिंग, नाटक, मित्रांची खाती, अशा सगळ्या व्यापांत तो पडतो. हाती लागत नाही ते ज्यासाठी आला तेच. शेवटी गावी परततो. पुण्यास जाऊन शिकावयाचे ही गोष्ट त्या घरात धरूनच चाललेली आहे. कशासाठी, हे वडील सांगत नाहीत आणि मुलगा विचारीत नाही. दोघांत देवघेव चालते ती मुख्यतः रुपयांची, आणि बोलावयाचे जे राहून गेले ते सारे त्या हिशोबात तुंबलेले आहे. कॉलेजात प्राध्यापक आहेत. पण पांडुरंगाच्या मनात घर करून राहिला असा त्यांतला एकही आम्हांस आठवत नाही. मुरूडच्या मुलाला होते तसे सोमण मास्तर या मुलाला मिळालेच नाहीत.

‘कोसला’ची एक बाजू मात्र आम्हांस खटकते, आणि ती बोलून दाखविल्यावाचून राहवत नाही. अपयशाला तिने अशी काही लज्जत आणली आहे की, दर वर्षी आमच्या वर्गातली दोन-तीन मुले ती वाचून पांडुरंग होतात, दाढी वाढवितात आणि तासाला येईनाशी होतात. त्यांच्या वडिलांपाशी सांगवीकरांइतकी शेती नसते. हा दोष कादंबरीचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ती शिकविताना हे वाक्य आम्ही आता मुद्दाम उच्चारतो.

तिसरे पुस्तक किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’, १९९४ चे. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा शिकून डॉक्टर झाला, आणि पुस्तकावर त्याने बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लिहिले. अर्जातली एक रिकामी जागा माणसाला किती छळू शकते, हे या पुस्तकाइतके दुसऱ्या कशातूनही आम्हांस कळले नाही. आपल्यासारख्यांच्या घरी ‘वडिलांचे नाव’ हा रकाना भरावयास अर्धे क्षणसुद्धा लागत नाही. काहींच्या बाबतीत तो रकाना म्हणजेच साताऱ्याचे टेबल. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्याने केला, तो योग्यच झाला. त्या मुलांपैकी थोरली बारावी होतील ती २०४० नंतर.

या तीन पुस्तकांची तुलना यशस्वी माणसांच्या त्या छापील हकिगतींशी केली म्हणजे फरक ध्यानात येतो. छापील हकिगतीत अडचणी असतात, पण त्या हवेसारख्या असतात: ‘गरिबी’, ‘प्रतिकूल परिस्थिती’. त्यांना चेहरा नसतो. कोणी अडविले, कोणी पैसे दिले, कोणी खोटे सांगितले, कोणी रात्री जागून समजावून दिले, हे सारे गाळून जे उरते त्याला जिद्द असे नाव देतात. वाचणारा मुलगा मग आपल्यापाशी ती आहे की नाही हे पाहत बसतो, आणि नसावी असे वाटले की घाबरतो. आमच्याकडे दर जुलैत येणाऱ्या मुलांत निम्मी अशी भ्यालेली असतात. त्यांच्यापैकी कित्येकांना अक्कल, आवड, चिकाटी सर्व काही असते. नसतो तो एक मोठा माणूस, ज्याला ‘हा फॉर्म कुठे द्यायचा?’ असे न लाजता विचारता येईल. मुलींच्या बाबतीत तर ‘पुढे काय?’ या शब्दांचा घरातला अर्थ अद्याप पुष्कळदा निराळाच असतो, आणि त्या अर्थाविषयी ही पुस्तके चकार शब्द काढीत नाहीत.

साताऱ्याचे नाव वारंवार आले म्हणून आणखी एक गोष्ट. ज्या गावाने चालत आलेल्या मुलाला १८७५ च्या सुमारास परत धाडले, त्याच गावी १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कॉलेज काढले आणि गरिबांच्या मुलांसाठी ‘कमवा व शिका’ ही रीत रूढ केली. भाऊराव स्वतः मॅट्रिकदेखील झालेले नव्हते. कदाचित त्यामुळेच असेल, परंतु मुलाने आत कसे शिरावे यापेक्षा आपण दार कसे उघडे ठेवावे याचा विचार त्यांनी अधिक केला. काम, जेवण, राहण्याची जागा आणि शिक्षण यांची त्यांनी एकत्र बांधणी केली. ‘पुढे काय?’च्या ग्रंथकारांनी त्यांच्या चरित्रातून स्फूर्ती घेण्याऐवजी हिशोब घेतला असता, तर त्यांची पुस्तके जाडीने अर्धी आणि उपयोगाने दुप्पट झाली असती. वसतिगृह न मिळाल्यास समाजकल्याण खात्याची स्वाधार योजना कोणास लागू, जातपडताळणीस किती महिने आधी अर्ज करावा, नॉन-क्रीमिलेअरचा दाखला कोणत्या तारखेपर्यंत चालतो, ही प्रकरणे परिशिष्टात बारीक टाइपात नकोत, आरंभी हवीत. आणि एक प्रकरण विद्यार्थ्यांसाठी नसावेच. ते प्राध्यापक, प्राचार्य, कारकून आणि बाप यांस उद्देशून असावे. ते कोणी लिहिले तर त्याची शिफारस आम्ही दोन ओळींत आटोपणार नाही.

पुस्तके वाचून खाली ठेवीत होतो त्याच आठवड्यात आमच्या घरी स्वयंपाकास येणाऱ्या बाईंनी मुलीची गुणपत्रिका दाखविली. अभियांत्रिकीला जावयाचे म्हणते, फी कशी भागवावी? मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केल्याचे २०२४ साली वाचल्याचे आम्हांस स्मरत होते. पुढचे काहीच माहीत नव्हते. आलेल्या पुस्तकांत शोधले, सापडले नाही. मग संकोच बाजूस ठेवून त्या तालुक्याच्या गावी फोन केला.

पलीकडून प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. “सर, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे ना? प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्यायचा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला आहे का? जुना चालणार नाही.” दाखला नव्हता. वडिलांचे रेशनकार्ड गावी होते. “मग मावशींना घेऊन तुम्ही उद्याच तहसील कार्यालयात जा,” तो म्हणाला. “परवा शनिवार, बंद असतं. आणि सर, तुम्ही स्वतः बरोबर जा. त्यांना एकट्यांना पाठवू नका.”